चौंडकं घेताय, तर आधी गिटार उतरव

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार. नव्या अल्बमात डिस्टॉर्शनचा, म्हणजे गिटारीचा आवाज फाडून खरखरीत करण्याचा, मारा सोडून सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वळणाचं चौंडकं (काखेत धरून छेडायचं एकतारी चर्मवाद्य) आणि पेटी घ्यायचं तुमच्या बँडनं ठरवलंय, हे वाचून बरं वाटलं. पण खरेदीच्या यादीत पहिलं नाव गिटारीचा आवाज बदलणाऱ्या नव्या पेडलचं आहे, ते खोडून टाक की. आधी काढायचं काय ते ठरव. रेडिओहेड या इंग्लिश बँडनं २००० साली ‘किड ए’ अल्बम केला तेव्हा गिटारी बऱ्याच ठिकाणी बाजूला सारल्या, म्हणून सिंथेसायझरला जागा झाली. चौंडक्याचा टणत्कार ज्या पट्टीत घुमतो तिथंच तुमची गिटार ठाण मांडून बसलेली असते. स्टेजवर ठेवतोस त्याच्या निम्मा गेन (डिस्टॉर्शनचा जोर) ठेव. डाव्या-उजव्या दोन गिटारी हव्यात तर खरोखर दोनदा वाजव. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडं टाकलास तर तो मधोमधच ऐकू येतो.

सुराचं आधी पेटीला विचार. तिच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांचा सूर एका दिवसात हलत नाही, गिटारीच्या तारांचा हलतो. जुनी पेटी नेमकी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असेलच असं नाही, तेव्हा ट्यूनरवर बघून गिटार-बेस तिच्याशी लाव. पांढरी दोन, म्हणजे डी, धरलीत तर ड्रॉप डी (सहावी तार ई वरून डी वर उतरवणं) आपसूक जमतं. सहावी तार ८२.४ हर्ट्झवरून ७३.४ वर येते, आणि १०-४६ च्या सेटमधली (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) तार तेवढ्यानं सैल पडते. जोरात छेडली की सुरुवातीला सूर चढा लागतो. तिथं ५२ ची घाल. नटची, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीची, खाच अरुंद असेल तर जाड तार अडकते आणि ट्युनिंग टिकत नाही, म्हणून खाच कारागिराकडून घासून घे, मग इंटोनेशन (वरच्या पडद्यांवरही सूर बरोबर लागणं) पुन्हा लाव. पेटी गंधार धरेल तिथं डिस्टॉर्शनच्या गिटारीनं फक्त सा-प वाजवायचं. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे सूर निघतात. गंधार घातलास की नुसता चिखल.

चौंडकं काखेत धरतात, तार ताणली-सोडली की सूर चढतो-उतरतो. त्यावर पिच करेक्शन (सॉफ्टवेअरनं सूर सरळ करणं) लावशील तर बघ! ते घसरणंच तर आपल्याला पाहिजे. माइक कातड्यापासून वीतभर, किंचित तिरका. वादक वाजवताना हलतो, त्याला बसव. खोलीत ड्रम असतील तर स्नेअर ड्रमखालची तारांची जाळी सोडून ठेव, नाहीतर प्रत्येक टणत्काराला ती खरखरते.

चौंडकेवाल्याच्या कानात लय धरायच्या क्लिकची बीप देऊ नको. आधी त्याला एकट्याला वाजवू दे, मग केरव्याच्या प्रत्येक समेवर खूण करून टेम्पो मॅप, म्हणजे त्याच्या लयीचा नकाशा, बनव आणि ड्रम त्यावर वाजवा. नेहमीच्या क्रमाच्या उलट आहे, ड्रमरला आवडणार नाही, चालतंय.

चामड्याची वाद्यं मे संपायच्या आत उरक. पाऊस लागला की कातडं ओल धरतं, सूर उतरतो, आणि पत्र्याखाली तर माइक उघडायची सोयच नाही. हलगी शेकायला हॅलोजनचा दिवा हातभर लांब ठेव. जवळ नेलास तर कातडं तडकेल. भिंतीला अंड्याचे ट्रे नकोत, वाकळी टांग, भिंतीपासून चार-सहा इंच सोडून. बेसची घूम त्यानं जात नाही, त्यासाठी अँपच कोपऱ्यातून बाहेर काढ. गिटारीत गुणगुण आली तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर बंद करून बघ, मग अर्थिंग. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा ठोकासुद्धा मीटरवर उणे १० डीबीच्या वर जाऊ देऊ नको.

आणखी एक. देवीचं पद घेणार असाल तर ती पदं गाणाऱ्या जोगत्यांना आधी विचारा, मानधन लिहून ठरवा, नाव अल्बमवर छापा. ‘पारंपरिक’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

रफ मिक्स झाला की दोन पाठव: एक चौंडक्यासकट, एक चौंडकं म्यूट करून. दुसराही भरलेलाच वाटला तर गिटार अजून उतरवायची आहे.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
बेळगावचा दोस्त