ओक फ्लॅटच्या सौद्याबद्दल, मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तू म्हणतोस अ‍ॅरिझोनातल्या ओक फ्लॅटची अदलाबदल अमेरिकन सरकारच्या फायद्याची आहे, तांब्याच्या खाणीसाठी कंपनीला 2,422 एकर देऊन तिच्याकडून पाच हजाराच्या वर एकर मिळतायत, शिवाय अमेरिकेला लागणाऱ्या तांब्याचा चौथा हिस्सा एकट्या त्या खाणीतून निघू शकतो, मग भांडण कशाचं? मला हा हिशोबच पटत नाही रे.

तांबं लागतं, हे मान्य. इथे इंदूरमध्येच ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक बसेस किती वाढल्यात. पण तिथलं तांबं जवळपास सात हजार फूट खाली आहे, आणि कंपनी ते ब्लॉक केव्हिंगनं काढणार, म्हणजे खालून खडक पोखरत जायचा आणि वरचा आपल्याच वजनानं कोसळू द्यायचा. मग वरची जमीन खचणारच. तिथल्या सरकारी अहवालातच आहे की सुमारे पावणेदोन मैल रुंद आणि 800 ते 1,100 फूट खोल खड्डा पडेल. तू सुट्टीत जिथे क्लाइंबिंगला जातोस, जिथे तिथल्या मूळनिवासी अपाची जमातीच्या मुली वयात आल्या की त्यांचा सूर्योदयाचा विधी होतो, ती जागाच राहणार नाही.

बदल्यात मिळणारी जमीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. सॅन पेद्रो नदीकाठचं ते सेव्हन बी रँच, तिथलं मेस्किटचं जुनं जंगल, पक्ष्यांसाठी खरंच मोलाचं आहे, ते वाचलंच पाहिजे. पण अपाचींची प्रार्थना तिथे कशी हलवणार? उद्या कुणी म्हणालं, रालामंडल द्या, देवासच्या पलीकडे दुप्पट जंगल देतो, तर तू हो म्हणशील का? आपण लहानपणापासून ज्या टेकडीवर चढलो ती, होळकरांच्या शिकारगाहसकट!

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे सगळं झालं कसं ते. 1955 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळात ओक फ्लॅटची जागा खाणकामाला बंद केलेली. पुढे अदलाबदलीची बिलं संसदेत पुन्हा पुन्हा आली आणि पास होईनात, तेव्हा डिसेंबर 2014 मध्ये हे कलम संरक्षण खर्चाच्या बिलात घुसवलं. वर अट अशी, की पर्यावरणाचा अंतिम अहवाल आला की 60 दिवसांत जमीन द्यायचीच, म्हणजे अहवालात काहीही निघो! मग अभ्यास कशासाठी करायचा, सांग ना? मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानंही अपाचींची केस ऐकायला नकार दिला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

ओक फ्लॅटच्या या खाण कंपनीत 55 टक्के हिस्सा रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीचा आहे, बाकीचा तशाच बीएचपीचा. याच रिओ टिंटोनं 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात जूकान गॉर्जमधल्या, तिथल्या मूळनिवासींच्या 46 हजार वर्षं जुन्या गुहा सुरुंगानं उडवल्या. आणि आपल्या छतरपूरकडच्या बक्स्वाहात हिऱ्यांसाठी आधी हीच कंपनी होती, 2017 मध्ये निघून गेली. मग खाण दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि 2021 मध्ये दोन लाखांवर झाडं तोडायच्या गोष्टीवरून केवढा गदारोळ झाला. तिथेही उत्तर तेच, बदल्यात दुसरीकडे झाडं लावू. पण ज्यांची घरं महुआ आणि तेंदूपत्त्यावर चालतात त्यांनी रोप मोठं होईपर्यंत काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

तू तिथे राहतोस, तर खाणीजवळच्या सुपीरिअर गावातल्या लोकांशीही एकदा बोल, त्यांच्यात खाणीच्या बाजूचे बरेच आहेत, त्यांना रोजगार हवाय आणि तो प्रश्न खरा आहे. ते काय म्हणतात ते मला सविस्तर लिही, फोनवर नको, फोनवर आपण नुसते भांडत बसतो.

आई विचारत होती, दिवाळीला येतोयस ना?

तुझाच