नौपाड्यातल्या समुपदेशक ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा अंगात ताप होता. "घरी माहीत आहे का?" तुम्ही विचारलंत. "माझं मी बघते," मी म्हणाले.

तुम्ही स्वभावातल्या चांगल्या गुणांची यादी पुढे ठेवलीत. पीटरसन आणि सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडलेले २४ गुण. मी पेन घेऊन दोनदा वरून खाली गेले. धैर्य होतं, चिकाटी होती, प्रामाणिकपणा होता. पण ज्याचा मला सगळ्यात अभिमान, ते 'कुणावाचून न अडणं' कुठेच नव्हतं. मी जरा रागानेच विचारलं. तुम्ही 'प्रेम' या शब्दावर बोट ठेवलंत. यात देणं आहे तसं घेणंही आहे, म्हणालात. देण्यात तू तरबेज आहेस, घेण्याचं काय?

मग मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा प्रयोग सांगितलात. वर्षभराचं मूल, आई खोलीबाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते. काही मुलं बिलगून शांत होतात, काही बिलगूनही रडतच राहतात, काही तोंड फिरवून खेळत बसतात. त्या तोंड फिरवणाऱ्यांच्याही छातीत धडधडत असतं, हे तुम्ही म्हणालात आणि मला गावच्या घराची पडवी आठवली. आई-बाबा ठाण्यात नोकरीला, मी आजीपाशी. गणपतीत आई यायची, पिशवी खाली ठेवायची, आणि मी तिच्याकडे पाठ करून चिंचोके मोजत बसायचे. "किती शहाणी पोर, रडत नाही!" त्या कौतुकावर मी अठरा वर्षं काढली.

तुम्ही माझ्यावर शिक्का मारला नाहीत, याचे फार फार आभार. ही सवय जन्माला चिकटलेली नसते, भरवशाची माणसं भेटली की बदलते, असं ठामपणे सांगितलंत. माझी चिकाटी खरीच आहे, हेही सांगितलंत. ते ऐकायची मला फार गरज होती. माझ्या कितीतरी मैत्रिणींचा सोशिकपणा घरचे कौतुकाने सांगतात आणि त्या आतून एकट्या असतात. त्यांनाही तुमच्यासारखं कुणी भेटावं.

पंधरा दिवसांपूर्वी पावसाने लोकल रखडल्या. ठाण्याला उतरले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आईला फोन केला. "भीती वाटतेय, न्यायला ये," एवढंच बोलता आलं. ती वर्तकनगरहून आली, गाऊनवर ओढणी घेऊन, हातात माझी शाळेतली छत्री. रिक्षात तिने माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

तुम्हाला हे कळवायचं होतं.

तुमची,
वर्तकनगरची मुलगी