आत्याचं पालुपद आणि रोझा पॉन्सेल

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू गाण्याचे कार्यक्रम बंद करून नुसतं शिकवणार, हे कळल्यापासून आत्याचे फोन सुरू आहेत. ‘एवढं शिकून वाया घालवलं’ हे पालुपद. तिच्याशी वाद कोण घालणार! पण ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, गाणाऱ्या रोझा पॉन्सेलबद्दल तुला लिहावंसं वाटलं.

रोझा अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या मेरिडनची, जन्म १८९७चा. आईवडील इटलीहून आलेले, मूळ आडनाव पॉन्झिलो. मूकपटांच्या थिएटरात ती पियानो वाजवायची, गायची. पुढे थोरली बहीण कार्मेलाबरोबर व्हॉडव्हिलमध्ये. म्हणजे नकला, कसरती, गाणी, सगळं एका तिकिटात. आणि तिथून एकदम न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन ऑपेरा! १५ नोव्हेंबर १९१८, पहिलं महायुद्ध थांबून जेमतेम चार दिवस झालेले. संगीतकार व्हेर्दीचा ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ हा ऑपेरा, समोर त्या काळचा सर्वांत नावाजलेला गायक, साक्षात कारूझो. ही २१ वर्षांची, आणि त्याआधी ऑपेराच्या रंगमंचावर एकदाही उभी राहिलेली नव्हती.

तिचा आवाज जुन्या रेकॉर्डच्या खरखरीतूनही कळतो. खर्जाकडचे स्वर गडद, भरीव, आणि वर चढताना कुठे सांधा बदलल्याचं कानाला लागत नाही. १९२७ची ‘नॉर्मा’ तिची सर्वांत गाजलेली भूमिका. पण तारसप्तकातल्या वरच्या षड्जाची तिला कायम धास्ती. लोक टाळ्या वाजवत असायचे आणि बाई विंगेत भीतीने गारठलेली! १९३५ला ‘कारमेन’ केली, तर समीक्षकांनी झोडपलं. मग तिला ‘आद्रियाना लेकुव्हरर’ या ऑपेरातली भूमिका करायची होती, मेट्रोपॉलिटनने नाही म्हटलं. १९३६ला लग्न झालं. १९३७च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलँडला ‘कारमेन’ गायली, ती ऑपेराच्या रंगमंचावर शेवटची. वय ४०. निरोपाचा कार्यक्रम नाही, काही नाही. लोक अजून कारणं शोधतात. मला तरी ती वरच्या स्वराचीच भीती पटते.

आता आत्याला न कळणारा भाग. बॉल्टिमोरजवळच्या आपल्या घराला तिने ‘व्हिला पाचे’ नाव दिलं, पहिल्याच ऑपेरातल्या गाण्यावरून. १९५४मध्ये आरसीए कंपनीने रेकॉर्डिंगचं सामान त्या घरी नेलं. तेव्हा ती ५७ वर्षांची. आवाज खाली उतरलेला, पण दाणेदार, आणि कुठेही घाई नाही. इथे तिला ऐकताना भीतीचा मागमूसही जाणवत नाही. बॉल्टिमोरच्या ऑपेरासाठी तिने वर्षानुवर्षं काम केलं, गायक घडवले. पुढे मेट्रोपॉलिटनवर गाजलेला जेम्स मॉरिस तिच्याकडे शिकला होता. १९८१ला ती गेली.

ते १९५४चं रेकॉर्डिंग आधी ऐक, मग १९२८-२९चं. उलट्या क्रमाने मजा येते.

आणि हो, शिकवणीची फी सांगताना भिडेखातर कमी सांगू नकोस. ओळखीच्यांना तर मुळीच नको. आत्याची नात येणार आहे, तेव्हा हे आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
बाबा