बाई, वहीतल्या त्या एका ओळीबद्दल

आदरणीय बाई,
जय ख्रिस्त.

हे पत्र पोस्टानं पाठवलं असतं तर तुम्ही ते एकदा वाचून, घडी घालून पवित्र शास्त्राच्या कापडी कव्हरात सारलं असतं आणि विषय संपवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षर त्रास देतं, तेव्हा नातीकडून वाचून घ्या. कौतुकाचं वाक्य आलं की 'पुढं वाच' म्हणून तिला दटावू नका.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) तिघा तरुणांवर हात ठेवून, त्यांना सेवेसाठी नेमणारी प्रार्थना झाली. तिघांतले दोघं शुक्रवारच्या पहाटप्रार्थनेतून आलेले. उपासना संपल्यावर लोक माझा हात हातात घेऊन म्हणत होते, "चांगली पोरं तयार केलीत." मी हसून मान डोलावत होतो आणि आतून ओशाळत होतो. तुम्ही नेहमीप्रमाणे मागच्या खांबाजवळ बसला होतात. तुमच्याकडे कोणीच गेलं नाही.

खरं सांगतो, 2003 साली मी तुमच्या घरी पहिल्यांदा पहाटे पाचला आलो तो प्रार्थनेसाठी नाही, वाजवायच्या पेटीसाठी. आख्ख्या वस्तीत पेटी फक्त तुमच्याकडे होती. दोन खणांची खोली, तीन चटया, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह. गीत झालं आणि तुम्ही एकदम मला म्हणालात, "आज तू प्रार्थना कर." मी कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला. 'हे सर्वसमर्था, सनातन पित्या' अशी सुरुवात करून जे सुटलो ते आमेनपर्यंत थांबलोच नाही. चहाचा कप हातात देताना तुम्ही विचारलंत, "छान बोललास रे. पण कोणाशी बोलत होतास?"

पुढच्या शुक्रवारी तुम्ही अट घातलीत. एकच मागणं, आणि ज्याचं नाव ठाऊक आहे अशा माणसासाठी. त्या वर्षी आपल्या नगर जिल्ह्यात दुष्काळ होता, माणसं जनावरं घेऊन छावणीवर राहत होती. मी डोळे मिटले आणि तोंडातून निघालं, "शेजारच्या काकांनी बैलजोडी विकली. त्यांना रात्री झोप लागू दे." एवढंच. काका रात्री अंगणात येरझाऱ्या घालतात हे मी रोज पाहत होतो, पण ते मला दिसलं त्या पहाटे. नंतर पाळकांची, वक्त्यांची कितीतरी प्रवचनं ऐकली. प्रार्थनेबद्दल त्याहून जास्त काही मी शिकलो असेन असं वाटत नाही.

आता ती वही. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, मधोमध पेन्सिलीची रेघ. डावीकडे नाव, उजवीकडे मागणं. तुम्ही आत दूध बघायला गेलात आणि मी माझं पान शोधलं. वाटलं होतं, काहीतरी मोठं लिहिलेलं असेल. सेवेसाठी उभा कर, वगैरे. लिहिलं होतं: 'बोलतो फार. प्रभू, याला ऐकायला शिकव.' आणि पुढं एकापुढे एक ठिपके, ज्या ज्या दिवशी प्रार्थना केली त्या दिवसाचा एक. मी मोजायला लागलो आणि चाळीसच्या पुढं सोडून दिलं. राग आला होता, आज कबूल करतो. दोन शुक्रवार मी आलो नाही. तिसऱ्या शुक्रवारी आलो तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत, फक्त पेटी माझ्याकडे सरकवलीत.

मग तुम्ही मला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जायला लागलात. माझं काम थर्मास धरणं. तुम्ही खाटेशेजारी स्टुलावर बसायच्या, माणूस बोलायचा, आणि तुम्ही अर्धा अर्धा तास 'हं' एवढंच म्हणायच्या. प्रार्थना शेवटी, दोन मिनिटांची, आणि तिच्यात त्या माणसाचेच शब्द. कधी त्याच्या म्हशीचं नावसुद्धा! सहा महिने थर्मास धरल्यावर एकदा जिन्यात तुम्ही तो स्वतःच्या हातात घेतलात आणि म्हणालात, "आज तू स्टुलावर बस." माझ्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणाल तर ते एवढंच.

केडगावची सहल आठवते? दौंडला गाडी बदलताना आमच्यातला एक जण वडापावपायी मागं राहिला होता. तिथल्या मुक्ती मिशनच्या, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी उभारलेल्या आश्रमाच्या आवारात उभं राहून तुम्ही रमाबाईंची गोष्ट सांगितलीत. सगळे जण 1905 च्या जूनमध्ये तिथं श्रद्धेची लाट उसळली त्या जागृतीबद्दल बोलतात. तुम्ही अडलात त्याच्या आधीच्या महिन्यांपाशी. जानेवारीत सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला बसायला लागल्या होत्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नव्हतं. जागृतीनंतर त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता घेऊन गेल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल केलं, पण त्याचे छपाईचे खिळे जुळवले आणि ते छापलं मुक्तीतल्या बायकामुलींनी. कित्येक जणी तर दुष्काळातून उचलून आणलेल्या. "रमाबाईंनी स्वतः किती केलं हे नको सांगू," तुम्ही म्हणालात, "कोणाच्या हातात काय दिलं ते बघ." तुमची आजी बायबलबाई होती, म्हणजे बायकांना बायबल वाचून दाखवायला डोक्यावर गाठोडं घेऊन खेडोपाडी चालत जायची, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपल्याकडे मिशनचा इतिहास, अमेरिकन मिशन नगरला आलं त्या 1831 पासून, साहेबांच्या नावांनी सांगतात. त्या गाठोड्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आता ज्याबद्दल खरं तर हे पत्र आहे ते.

2009 च्या जानेवारीत तुम्ही पहाटप्रार्थना माझ्या हाती दिलीत. तब्येत ठणठणीत होती तुमची, आवाज खणखणीत. किल्ली दिलीत, तुमच्या वहीसारखी एक कोरी वही दिलीत, आणि दारालगतच्या चटईवर जाऊन बसलात. मी ती बैठक बिघडवली. वेळेचं कोष्टक काढलं, वचनावर माझंच तासभर व्याख्यान, आल्यागेल्याची हजेरी. तीस माणसं यायची ती पावसाळ्यापर्यंत नऊ झाली. लोक तुमच्याकडे आले, "बाई, तुम्हीच घ्या परत." काही तर माझ्या समोर म्हणाले. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला अजून माहीत नाही. मला मात्र त्या अख्ख्या वर्षात तुम्ही एकदाही सल्ला दिला नाहीत. दर शुक्रवारी पावणेपाचला येऊन चटई झटकायच्या, बसायच्या, माझं व्याख्यान डोळे मिटून ऐकायच्या.

लढाई चालू असताना प्रार्थनेत थकलेल्या मोशेचे हात वर धरून ठेवणारे बायबलमधले अहरोन आणि हूर आपण संडे स्कूलमध्ये चित्रात रंगवतो. ते काम इतकं गप्पपणे करायचं असतं हे चित्रात कळत नाही.

डिसेंबरात एका पहाटे माझा घसा बसला होता. व्याख्यान शक्यच नव्हतं. मी खुणेनंच म्हटलं, कोणाला काही सांगायचं असेल तर सांगा. ऊसतोडीला जाऊन परत आलेली एक मावशी बोलायला लागली आणि पाऊण तास बोलली. बाहेर उजाडलं. त्या दिवशी वहीतली तुमची ओळ आठवली. देवानं उत्तर द्यायला सहा वर्षं आणि एक बसलेला घसा घेतला.

एक गोष्ट तुमच्या नावावर मी मंडळीच्या कमिटीत वारंवार खपवतो, तेही सांगून टाकतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूनं डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी बारा शिष्य निवडले. तुम्ही म्हणायच्या, "त्यानं आधी रात्र काढली, मग नावं घेतली. आपण आधी नावं काढतो, गट पाडतो, घरोघर फिरून मतं मागतो आणि मग म्हणतो, चला, प्रार्थनेनं मीटिंग सुरू करू." कमिटीच्या निवडणुकीच्या वर्षी हे वाक्य ऐकून काही चेहरे आंबट होतात. होऊ देत. बदललं मात्र फार नाही, हेही खरं.

तर आभार. थर्मासाबद्दल, पेटीबद्दल, त्या बोचऱ्या ओळीबद्दल. सगळ्यात जास्त त्या वर्षभराच्या गप्प बसण्याबद्दल, कारण मला तुमच्या जागी बसवलं असतं तर मार्चपर्यंतच मी किल्ली परत मागितली असती.

पुढच्या शुक्रवारपासून बैठक ती नर्सिंग शिकणारी मुलगी घेणार आहे. मागच्या वेळी प्रार्थनेच्या मध्येच तिचा मोबाइल वाजला आणि ती 'आमेन' म्हणून मोकळी झाली. माझ्या वहीत तिच्या नावापुढं काय लिहिलंय ते सांगणार नाही. मी दारालगत बसणार आहे. चटईवर तुमची जागा सोडून. पावणेपाचला रिक्षा दाराशी लावतो. चहा तीच करते आणि साखर फार घालते, डॉक्टरांना सांगू नका.

तुमचा,
थर्मासवाला