आत ये म्हणण्यापूर्वी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फिल्म क्लबमध्ये तू ‘लेट द राइट वन इन’ लावते आहेस हे वाचून बरं वाटलं. फक्त पोस्टरवर ‘थरकाप उडवणारा भयपट’ वगैरे छापू नका. त्या आशेने आलेला माणूस वीस मिनिटांत मोबाइल काढतो आणि शेजारच्यालाही धड बघू देत नाही. शाळेत मार खाणाऱ्या बारा वर्षांच्या ऑस्करला शेजारी राहायला आलेली एली ही मैत्रीण मिळते आणि ती रक्तावर जगते, एवढं सांगितलं तरी पुरे.

आधी प्रत तपास. मूळ स्वीडिश नाव ‘लोत देन रेत्ते कोम्मा इन’, साल २००८, दिग्दर्शक तोमास आल्फ्रेडसन, लांबी ११४ मिनिटं. याच गोष्टीवर २०१० साली निघालेला ‘लेट मी इन’ न्यू मेक्सिकोत घडतो. घाईत भलताच मागवला जायचा. आवाज स्वीडिशच ठेव. एलीचं काम लीना लेआंडरसनने केलंय, पण आवाज तिचा नाही, एलिफ जेलान या दुसऱ्या मुलीचा आहे. लीनाचा आवाज फार कोवळा पडत होता. ऐकणाऱ्याला समोरचं पोर मुलगी की मुलगा, बाराचं की दोनशे वर्षांचं, हे कळू नये असा जाडसर आवाज हवा होता. इंग्रजी डब लावलंस तर नेमकं तेच जाईल. सबटायटल्सचीही एक भानगड आहे. २००९ साली अमेरिकेत निघालेल्या डिस्कवर थिएटरमधली सबटायटल्स काढून सोपी, तोडकी घातली होती. बरीच ओरड झाली, तेव्हा पुढच्या प्रतींच्या वेष्टनावर ‘थिएट्रिकल’ असा शब्द आला. तो बघून घे.

चौकट रुंद आहे. प्रोजेक्टरवाला ‘काळ्या पट्ट्या दिसतात’ म्हणून चित्र ताणून पडदा भरायला जाईल, त्याला तिथेच थांबव. अंगणातली ती लोखंडी चढण्याची जाळी, जिथे ऑस्कर आणि एली पहिल्यांदा भेटतात, या रुंद चौकटीत बसावी म्हणून मुद्दाम बांधून घेतली होती. गोष्ट १९८२ सालच्या ब्लाकेबर्गची, स्टॉकहोमच्या पश्चिमेच्या वसाहतीची. लेखक योन आयविडे लिंडक्विस्ट तिथलाच, पटकथाही त्याचीच. पण भरवशाचा बर्फ हवा म्हणून बरंचसं चित्रण उत्तरेला लूलेओत झालं. कॅमेरा होयटे व्हान होयटेमाचा, ज्याला पुढे ‘ओपेनहायमर’साठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. रात्रीच्या दृश्यांत प्रकाश एका जागेहून येत नाही, धुक्यासारखा पसरलेला असतो. प्रोजेक्टर जुना असेल तर हे सगळं राखाडी चिखल होईल. म्हणून संध्याकाळी सातच्या आधी लावू नकोस आणि खिडक्यांना जाड पडदे लाव.

सुरुवातीला काळोखात नुसता बर्फ पडतो, जवळजवळ आवाजच नाही. इथे हमखास कुणीतरी ‘साउंड गेला’ म्हणून ओरडतो, ऑपरेटर आवाज वाढवतो आणि पुढे सगळं कानठळ्या बसवतं. त्याला आधीच सांगून ठेव. या सिनेमात श्वास आणि गिळणं अगदी कानाशी ऐकू येतं. आवाज फाटला तर ती जवळीक जाते.

चर्चेसाठी मी तुझ्या जागी असते तर एकाच साखळीवर बोलले असते. एलीसाठी रक्त आणायचं काम तिच्यासोबत राहणाऱ्या होकान या माणसाचं. तो जंगलात एका माणसाला झाडाला उलटा टांगतो, खाली प्लॅस्टिकचा कॅन आणि नरसाळं लावतो. तयारी चोख, पण जागा रस्त्याच्या कडेला. एक पांढरा पूडल येऊन समोर बसतो आणि बघत राहतो. मागून कुत्र्याचे मालक येणार, म्हणून होकान पळतो आणि कॅन तिथेच विसरतो. घरी रक्त नाही, म्हणून एलीला स्वतः शिकारीला निघावं लागतं. पुलाखाली एक दारुडा मरतो. प्रेत बर्फाखालच्या पाण्यात ढकललं जातं. आणि ऑस्कर आयुष्यात पहिल्यांदा काठी उगारून त्रास देणाऱ्या पोराचा कान फोडतो, त्याच बर्फावर त्याच वेळी ते प्रेत सापडतं. एकाच दुपारी त्याची सुटका आणि तिने केलेला खून उघड्यावर! कुत्रा आला नसता तर यातलं काहीच घडलं नसतं. एवढी घट्ट वीण पटकथेत क्वचित दिसते.

उंबरठ्याचं दृश्य मात्र समजावून सांगायला जाऊ नकोस. एली दाराशी उभी आहे, बोलावल्याशिवाय आत येता येत नाही. ऑस्कर हाताने हवा चाचपून दाखवतो, ‘इथे काही आडवं आहे का?’ ती न बोलावता आत येते. आधी काहीच होत नाही, मग पाठ थरथरते, मग डोळ्यांतून, कानांतून, केसांतून रक्त. तो धावत जाऊन तिला कवटाळतो आणि ‘ये आत’ म्हणतो. खोड्या काढणारा मुलगा तिथे दहा सेकंदांत मोठा होतो.

दोन ठिकाणी प्रेक्षक घसरतात. ऑस्करच्या बाबांकडे रात्री मित्र येतो आणि टेबलावर बाटली येते; परदेशी प्रेक्षक त्यात भलताच संबंध शोधतात. स्वीडिश माणसाला तिथे दारू दिसते आणि कोपऱ्यात पडलेला मुलगा दिसतो. दुसरं, ‘ऑस्कर हाच पुढचा होकान’ हा निष्कर्ष. सिनेमा ती वाट उघडी ठेवतो, पण लेखकाने नंतर एक कथा लिहून वेगळं उत्तर दिलं. चर्चेत हा मुद्दा कुणी काढलाच तर बाकीच्यांचं ऐकून मग सांग. कादंबरीतला होकान याहून किळसवाणा आहे. पटकथेत तो भाग गाळला, आणि मला ते बरोबरच वाटतं.

पोहण्याच्या तलावात कॅमेरा ऑस्करबरोबर पाण्याखाली राहतो, वरचं काही दिसत नाही. त्या वेळी दार उघडू देऊ नकोस. शेवटी रेल्वेत एली ज्या पेटीत आहे तिच्यावर तो मोर्स संकेतांत टकटक करतो: टिंब-रेघ-रेघ-टिंब, टिंब-टिंब-रेघ, मग तीन टिंबं आणि पुन्हा तीन टिंबं. ‘पुस’, स्वीडिशमध्ये छोटीशी पापी. तो ठोका अगदी हलका आहे. गाडी दिसली की पंखे बंद करायला एकाला बटणापाशी उभा कर.

तुझी,
आई