सूचना : आजींची स्मृतिसभा, रविवारी सायंकाळी ५ वाजता

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचक गटातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासद, सगळ्यांच्याच आजी, गेल्या आठवड्यात वयाच्या ८५व्या वर्षी गेल्या. येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचे आहे. लांबलचक भाषणे नकोत, असे घरच्यांनी कळवले आहे. आजींनाही ती कधी सोसली नाहीत.

अंध विद्यार्थ्यांसाठी त्या पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. आधी कॅसेटवर, पुढे मोबाइलवर. दुपारी पंखा बंद, टेबलावर गोधडी, आणि सुनांना सक्त ताकीद : कुकर लावायचा नाही. तरी बारावीच्या इतिहासात मध्येच एक शिट्टी आहेच! तो भाग रविवारी ऐकवू.

फिरण्याचा नादही तेवढाच. मुले, सासूबाईंचे आजारपण यांत जेमतेम अष्टविनायक झाले होते. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि मग काय विचारता! गणपतीपुळे, अक्कलकोट, माहूर, चिखलदरा. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणून गाणगापूरला पुढचे तिकीट काढून गेल्या. खिडकीची जागा मात्र हवीच.

कृपया हार-फुले आणू नयेत. त्यांचे फोटो असतील तर शुक्रवारपर्यंत गटावर टाकावेत. आठवीच्या विज्ञानाचे वाचन अर्धे राहिले आहे. उरलेले धडे वाटून घेऊ. गोड गळा लागत नाही, उच्चार स्पष्ट हवेत. इच्छुकांनी माझ्याकडे नावे द्यावीत.

– कार्यवाह