पॅकिंग बदला म्हणता, पण कशाचं घालायचं ते कोण सांगणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तुमच्या पेपरात जे काय येतंय ते सगळं वाचतोय, मायलेजवरून भरपूर भांडण चाललंय पण पॅकिंगबद्दल, म्हणजे गळती थांबवायला सांध्यात घालतात त्या गॅस्केट आणि सीलबद्दल, कोणी अवाक्षर काढत नाही म्हणून हे पत्र. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जो खुलासा केला त्यात त्यांनीच म्हटलंय की काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलायला लागू शकतात, खर्च फार नाही, सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल. बरं बाबा, मान्य. पण बदलून घालायचं काय? जे होतं त्याच रबराचं परत घातलं तर परत तेच होणार ना!

मी कोल्हापुरात उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये हेडचं काम करतो, म्हणजे गॅरेजवाले इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून आमच्याकडे फेसिंगला, म्हणजे खालचा पृष्ठभाग सपाट करायला पाठवतात. तर सध्या नवीनच खूळ निघालंय, व्हॉट्सअॅपवर काहीतरी वाचून लोक चांगली चालती गाडी घेऊन येतात आणि म्हणतात ई-२० साठी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) बदलून द्या. अहो हेड गॅस्केटचा आणि इथेनॉलचा तसा काय संबंध, तिथं पेट्रोल वाफ होऊन येतं आणि जळून जातं, तिथलं दुखणं म्हणजे उष्णता, दाब आणि कूलंट. इथेनॉलचा त्रास जिथं पेट्रोल पातळ अवस्थेत चोवीस तास टेकून बसतं तिथं असतो. टाकीतल्या पंपाच्या तोंडाचं सील, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, फ्युएल पाइप, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत फ्लोट चेंबरचं पॅकिंग. तिथं साधं नायट्रील रबर असेल तर ते फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी महिनाभर उभी राहून सुकली की आकसून कडक होतं आणि पेट्रोल पाझरायला लागतं. कॉर्क असेल तर विचारूच नका. तिथं फ्लोरो रबर लागतं, बाजारात त्याला सगळे व्हिटॉनच म्हणतात, पण ते नायट्रीलच्या कितीतरी पट महाग आणि हातात घेतलं तर दोन्ही काळंच असू शकतं, रंगावरून आमच्यासारख्याला पण सांगता येत नाही मग गिऱ्हाइकाला काय कळणार. दुकानदार व्हिटॉन म्हणून देतो, आपण व्हिटॉन म्हणून घेतो, संपला विषय.

आणि सिलिकॉनच्या ट्यूबचा तर आपल्याकडे कहर आहे. गळतंय ना, लाव सिलिकॉन! टॅपेट कव्हरला, ऑइल चेंबरला ते ठीक आहे, तेही कंपनीने सांगितलंय तिथंच आणि बारीक धार, कारण जास्त थापलं की आतल्या बाजूला जे बाहेर येतं ते तुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं आणि मग इंजिनच जातं. पण जिथं पेट्रोल लागतं तिथं साधं सिलिकॉन चालतच नाही, फुगून सोलून निघतं, तरी पंपाच्या सीलला ट्यूब लावलेल्या गाड्या मी स्वतः बघितल्यात.

आता हेडचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण खरा पैसा तिथं वाया जातो. जुन्या बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) इंजिनांना फायबरचं नाहीतर ग्राफाइटचं पॅकिंग यायचं, ते दबतं, थोडाफार खडबडीतपणा पोटात घेतं. आताच्या बहुतेक गाड्यांत कंपनीकडून येतं ते स्टीलच्या तीन-चार पत्र्यांचं, मल्टिलेयर. ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर बीडाच्या ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे दोन्हीच्या मधे पॅकिंगवर रोज घासाघीस, त्यात हे पत्र्याचं टिकतं. पण त्याला खालचा-वरचा फेस एकदम गुळगुळीत पाहिजे. फेसिंग झाल्यावर हेडवरून नख आडवं फिरवायचं, कटरच्या रेघा नखाला लागल्या तर ग्राफाइटचं पॅकिंग कदाचित धकून जाईल, पत्र्याचं नाही. सरळपट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून ०.०५ मिलिमीटरचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं, ते सहज सरकलं की हेड वाकलंय समजा. हे न बघता महागातलं पॅकिंग आणून खडबडीत हेडवर बसवतात, आठवड्यात कूलंट ऑइलमध्ये, ऑइल चहासारखं, आणि मग म्हणायचं गॅस्केट डुप्लिकेट होतं. आणि वरून शेलॅक (चिकट लेप) फासायची हौस, अहो त्या पत्र्यावर कोटिंग कंपनीनेच दिलेलं असतं. हेडच्या ज्या बोल्टांना ठरलेल्या जोराने (टॉर्क) आवळून वर आणखी ठरावीक डिग्री फिरवायचं असतं ते बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, तेच जुने परत आवळले तर कुठलंही पॅकिंग घाला, काही उपयोग नाही. डिझेलवाल्यांनी अजून एक बघा, जुनं पॅकिंग फेकायच्या आधी त्याच्या कडेची भोकं नाहीतर खाचा मोजा, त्यावरून जाडी ठरते, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्याप्रमाणे. एक भोकाच्या जागी तीन भोकांचं घातलं की कॉम्प्रेशन गेलं आणि उलटं केलं की पिस्टन हेडला लागायची भीती.

जाता जाता अॅस्बेस्टॉसचं. आपल्याकडे त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाहीये, जुन्या इंजिनांची पॅकिंगं आणि शीटं त्याची असू शकतात, आणि आपली पोरं वॉटर पंपाच्या तोंडावर शीट ठेवून हातोडीने कड ठोकून पॅकिंग कापतात नाहीतर जुनं चिकटलेलं वायर ब्रशने सुकंच खरवडतात, धूळ सगळी नाकात. निदान पाणी मारून ओलं करून खरवडा, ग्राइंडर तर लावूच नका.

आता मुद्द्याचं. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते छापायला लागतं, मग पॅकिंग किटच्या खोक्यावर नायट्रील का व्हिटॉन, ई-२० ला चालतं का नाही एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? गॅरेजच्या बिलावर पण ‘पॅकिंग सेट’ एवढंच असतं, मटेरियल लिहा म्हटलं की तोंड वाकडं. ई-२० ला चालणाऱ्या मटेरियलच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, त्याच्या आधीच्या रस्त्यावर किती आहेत ते तुम्हीच बघा. मंत्रालय म्हणतं बदला, कंपनी म्हणते डीलरला विचारा, डीलर म्हणतो वरून काही आलेलं नाही. तुमच्या पेपरचं गाड्यांचं पान आहे, तिथं नवीन मॉडेलचे फोटो छापता ते छापा, पण एकदा कंपन्यांना गाठून २०२३ च्या आधीच्या कुठल्या मॉडेलला पंपाचं सील आणि ओ-रिंग कुठल्या पार्ट नंबरची घालायची ते विचारा आणि जे उत्तर येईल ते तक्ता करून छापा. कोणी उत्तरच दिलं नाही तर तसंही छापा.

आपला,
एक हेडवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर